पगार पुरतो का, याआधी तो कोणत्या वयात सुरू होतो ते पाहा

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ राहील. तुमचे वय ३१, अर्थशास्त्रात एम.ए., बी.एड. झालेले, सेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. निम्म्यावर, बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, हे तिसरे वर्ष. भाऊजी म्हणतात, ‘प्राध्यापकाला दोन लाख पगार असतो, चिकटून राहा.’ घरी मात्र महिनाअखेर किराणा दुकानदाराच्या वहीत उधारी चढते. तेव्हा आजच्या महागाईत प्राध्यापकाचा पगार खरोखर पुरतो का आणि त्यासाठी थांबावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी एका अनुदानित महाविद्यालयात ३१ वर्षे अर्थशास्त्र शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्यांतील शेवटची दहा-बारा वर्षे सहकाऱ्यांच्या वेतननिश्चितीचे तक्ते तपासण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले होते, त्यामुळे स्वतःच्या पगारापेक्षा दुसऱ्यांच्या पगारपत्रकांवर माझी जास्त वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पगार महागाईच्या मागे पडला आहे का, हा एक. आणि तो पगार तुमच्या हाती कधी व किती वर्षांसाठी येईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लोक समजतात तितके वाईट नाही. दुसऱ्याचे उत्तर लोक समजतात त्याहून बरेच वाईट आहे, आणि तुमचा निर्णय या दुसऱ्या उत्तरावरच ठरायला हवा.

भाऊजींच्या दोन लाखांपासून सुरुवात करू. तो आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगानुसार सहयोगी प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १,३१,४०० रुपये आहे. त्यावर जानेवारी २०२५ च्या दराने ५५ टक्के महागाई भत्ता धरला की २,०३,६७० होतात, घरभाडे वेगळेच. पण या टप्प्यावर आज जे आहेत, ते बहुतेक पंधरा-वीस वर्षांपूर्वी किंवा त्याआधी पूर्णवेळ लागलेले आहेत. नव्याने लागणारा सहायक प्राध्यापक ५७,७०० रुपये मूळ वेतनावर सुरू होतो. ५५ टक्के महागाई भत्ता ३१,७३५ रुपये आणि लहान गावासाठीचे १० टक्के घरभाडे ५,७७० रुपये मिळवले, तर ९५,२०५ रुपये होतात. प्रवासभत्ता बाजूला ठेवतो. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के म्हणजे सुमारे ८,९४४ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये कापून हाती ८६,००० च्या आसपास येतात. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर आयकर लागत नाही. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, एकाच्या कमाईवर चालणाऱ्या चौकोनी कुटुंबाला ही रक्कम पुरते. ती पुरत नाही असे म्हणणारे सहकारी मी पाहिले आहेत, पण त्यांच्या पगारपत्रकाच्या खालच्या बाजूला पतपेढीच्या कर्जाचे दोन-तीन हप्ते असत.

आता महागाईशी तुलना. ही तुलना करताना बहुतेक जण सोने काढतात. २०१६ मध्ये सुरुवातीच्या मूळ पगारात दोन तोळ्यांच्या आसपास सोने येत होते, २०२५ मध्ये तोळा लाखावर गेल्यावर भत्त्यासह एक तोळाही येत नाही, असे स्टाफरूममध्ये हमखास ऐकायला मिळते. गणित बरोबर आहे, मापक चुकीचे आहे. सोन्याचा भाव हा डाळ-तांदळाचा भाव नव्हे. योग्य मापक म्हणजे औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, कारण महागाई भत्ता त्यावरच ठरतो. त्या निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी घेतात, २०१५ च्या पातळीच्या वर ती किती टक्के गेली ते पाहतात, आणि तोच भत्त्याचा दर होतो. जानेवारी २०२५ चा दर ५५ टक्के होता, म्हणजे त्या निर्देशांकाच्या हिशेबाने २०१५ साली १०० रुपयांना मिळणारे सामान १५५ रुपयांना मिळू लागले होते.

मी १९९२ मध्ये लागलो तेव्हा अधिव्याख्यात्याची, म्हणजे आजच्या सहायक प्राध्यापकाची, वेतनश्रेणी २,२०० पासून सुरू होत असे. ती चौथ्या आयोगाच्या वेळची, १९८६ पासून लागू होती. १९९६ पासून ८,००० झाले, २००६ पासून श्रेणीवेतन धरून २१,६०० आणि २०१६ पासून ५७,७००. म्हणजे ३० वर्षांत सुरुवातीचा मूळ पगार २६ पट झाला. याच काळात चौथ्या आयोगाचा पायाभूत निर्देशांक आणि सातव्याचा निर्देशांक एका मापावर आणून पाहिले, तर किमती सुमारे ९.८ पट झाल्या. म्हणजे कायम प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या पगाराची खरी क्रयशक्ती तीस वर्षांत अडीच पटीहून अधिक वाढली. हा आकडा मी प्राध्यापक संघटनेच्या एका बैठकीत फळ्यावर मांडला होता, तेव्हा ‘सर, हे बाहेर बोलू नका’ असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला हळूच सांगितले होते.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. सातव्या आयोगाने दिलेली खरी वाढ आधीच्या दोन आयोगांपेक्षा बरीच लहान आहे. सहाव्या आयोगातील २१,६०० वर जानेवारी २०१६ मध्ये १२५ टक्के भत्ता धरला तर ४८,६०० होत होते. नवे मूळ वेतन ५७,७०० झाले, म्हणजे खरी वाढ १९ टक्क्यांच्या आत. आधीच्या दोन आयोगांत हेच प्रमाण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान येते. २०१६ नंतर नव्याने लागणाऱ्याच्या पगारात खरी वाढ काहीच नाही, कारण महागाई भत्ता किमतींच्या बरोबर चालतो, पुढे जात नाही.

शिवाय तो बरोबर चालतो म्हणजे थोडा मागून चालतो. जानेवारी २०२५ चा वाढीव दर महाराष्ट्रात ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला. मधल्या महिन्यांचा फरक नंतर मिळतो, पण दुकानदार सात महिने थांबत नाही. करोनाच्या काळात जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला गेला. नंतर दर एकदम २८ टक्क्यांवर आला, पण त्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. ४, ३ आणि ४ टक्क्यांचे तीन हप्ते अनुक्रमे अठरा, बारा आणि सहा महिने बुडाले असे धरले, तर एका महिन्याच्या मूळ वेतनाच्या १३२ टक्के रक्कम गेली. ५७,७०० मूळ वेतन असणाऱ्याचे हे सुमारे ७६,००० रुपये. ज्याने ते तेव्हा सोसले त्याला ते चांगले आठवते.

निर्देशांकाची टोपली कोणाची आहे, हेही पाहायला हवे. २०१६ च्या पायावरील या निर्देशांकात खाद्यपदार्थांना सुमारे ३९ टक्के भार आहे आणि घराला सुमारे १७ टक्के. प्राध्यापकाच्या घरात खर्चाची मांडणी वेगळी असते. मी लग्नानंतर रोजच्या खर्चाची वही ठेवत आलो. रेघा मारलेल्या, दोनशे पानी, वर्षाला एक. २००० च्या आसपासच्या वहीत दूध, किराणा, भाजी यांनी महिन्याची निम्मी पाने व्यापलेली दिसतात. मुलगी अकरावीत गेल्यानंतरच्या वह्यांत तीच पाने क्लासची फी, वसतिगृह, आईच्या औषधांची बिले आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांनी भरली आहेत. तुमच्या भागातील प्राध्यापक मुलांना नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवतात, म्हणजे दोन ठिकाणी चूल पेटते. हे खर्च निर्देशांकात आहेत, पण त्यांचा भार तुमच्या घरातल्याइतका नाही. म्हणून ‘भत्ता मिळतो तरी पुरत नाही’ ही तक्रार कांगावा नसते. मात्र ती ज्या खर्चाची असते, तो सरासरी महागाईचा नव्हे, तर शिक्षण, आरोग्य आणि घर या तीन गोष्टींचा असतो.

घराबाबत गाव कोणते यावर बरेच अवलंबून आहे. पुण्या-मुंबईत घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे सुरुवातीला १७,३१० रुपये. पुण्यात कोथरूडसारख्या भागात दोन शयनकक्षांचे घर या रकमेत मिळत नाही, आणि घर घेण्याचा विचार केला तर हप्त्यात अर्धा पगार जातो. तालुक्याच्या गावात ५,७७० रुपयांत बऱ्यापैकी घर मिळून जाते. त्यामुळे एकाच वेतनश्रेणीत गावचा प्राध्यापक शहरातल्यापेक्षा प्रत्यक्षात सुखवस्तू असतो. तुम्ही गावी राहण्यास तयार आहात, ही तुमची जमेची बाजू आहे.

इथपर्यंतचे सगळे कायम, अनुदानित पदावरच्या माणसाचे झाले. तुम्ही आज ज्या जागी आहात, तिथे यातले काहीच लागू नाही. तासिकेचा दर पदवी वर्गांसाठी २०२१ मध्ये ५०० चा ६२५ झाला आणि २०२३ मध्ये ९०० झाला. आठवड्याला नऊ तास, महिन्याला छत्तीस, म्हणजे पूर्ण तास झाले तर ३२,४०० रुपये. पण सुट्ट्या, परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळा वजा जाता वर्षातले आठ-नऊ महिनेच कमाईचे. नऊ महिने पूर्ण धरले तरी २,९१,६०० रुपये होतात, बारा महिन्यांत वाटले तर २४,३००. शेजारच्या खुर्चीवर तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कायम सहकाऱ्याच्या पगाराच्या हे चौथ्या भागाइतके आहे.

या मानधनाला महागाई भत्ता नाही, आणि त्याची किंमत मोजण्याचे माप कायम सहकाऱ्याच्या पगारपत्रकावरच छापलेले असते. जानेवारी २०२३ मध्ये भत्त्याचा दर ४२ टक्के होता, जानेवारी २०२५ मध्ये ५५. म्हणजे १४२ चे १५५ झाले. या हिशेबाने तुमचे ९०० रुपये २०२३ च्या किमतींत सुमारे ८२५ रुपयांचे उरतात. दर बदलण्याचा शासन निर्णय येईपर्यंत ते दर सहा महिन्यांनी असेच झिजत राहतील. तुम्ही मोटारसायकलवरून जाऊन-येऊन ८० किलोमीटर, आठवड्यातून तीन दिवस प्रवास करता असे लिहिले आहे. त्याचे पेट्रोलच महिन्याला दोन हजारांच्या घरात जाते.

एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी एका व्याख्यानासाठी माझ्या जुन्या महाविद्यालयात गेलो होतो. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला, गुरुवारी आली होती. कायम प्राध्यापक ‘एक सुट्टी वाया गेली’ म्हणून हळहळत होते. कोपऱ्यात तासांची नोंदवही भरत बसलेला तासिका तत्त्वावरचा तरुण मात्र म्हणाला, ‘बरे झाले सर, माझे गुरुवारी तीन तास असतात. दोन गुरुवार जायचे ते एकच गेला.’ त्याने वहीतल्या त्या तारखेवर रेघ मारली आणि विभागप्रमुखांची सही घ्यायला उठला. जुलै-ऑगस्टचे मानधन तेव्हा अजून जमा व्हायचे होते.

विनाअनुदानित महाविद्यालयांबद्दल फार लिहीत नाही. कागदोपत्री सातवा आयोग आणि हातात एकत्रित ठोक रक्कम, तीही दोन-तीन महिन्यांनी, असे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. चांगले अपवादही पाहिले आहेत. तिथे जाण्यापूर्वी तिथल्या शिपायाला शेवटचा पगार कधी झाला ते विचारा. प्राचार्यांपेक्षा त्याचे उत्तर खरे असते.

आता दुसरा, महत्त्वाचा प्रश्न: हा पगार तुम्हाला कधी मिळेल? राज्यात मे २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध आले. नंतर ती टप्प्याटप्प्याने आणि मर्यादित खुली झाली. २०२१ मध्ये २,०८८ पदांना मान्यता मिळाली. पण रिक्त पदे भरण्याचा वेग निवृत्तीच्या वेगाला गाठत नाही, आणि अर्थशास्त्रासारख्या विषयात एका जागेमागे सेट-नेट व पीएच.डी. झालेले अनेक उमेदवार उभे असतात. माझ्या ओळखीतले जे अलीकडे पूर्णवेळ लागले, ते बहुतेक ३५ ते ४० या वयात लागले. मी लागलो तेव्हा २९ वर्षांचा होतो आणि मला तो उशीर वाटत होता.

या उशिराचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. वरच्या दराने कायम पदाचे वर्षाला सुमारे ११.४ लाख आणि तासिकेचे २.९ लाख, फरक साडेआठ लाखांचा. तुम्ही ३१ ऐवजी ३८ व्या वर्षी लागलात, तर सात वर्षांत वार्षिक ३ टक्के वेतनवाढ न धरताही साठ लाखांच्या आसपास उत्पन्न तुमच्या हातून गेलेले असेल. शिवाय १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. नव्या योजनेत सरकार १४ टक्के वाटा भरते, म्हणजे सुरुवातीला दरमहा साडेबारा हजार. सात वर्षांचे तेच साडेदहा लाख होतात, आणि ते सगळ्यात आधी भरले जाणारे, म्हणून सगळ्यात जास्त काळ वाढणारे पैसे असतात. महाराष्ट्रात निवृत्ती साठाव्या वर्षी. ३८ ला लागणाऱ्याच्या हाती बावीस वर्षे राहतात, आणि त्याच काळात मुलांचे शिक्षण, घर आणि आई-वडिलांचे आजारपण असे तिन्ही मोठे खर्च एकत्र येतात. नव्या पिढीचा प्राध्यापक महागाईपुढे हरतो तो इथे. भत्त्याच्या दरात तो हरत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या मनात असणार. काही संस्थांत नियुक्तीसाठी मागितल्या जाणाऱ्या रकमेबद्दल मी बोलतो आहे. ते बेकायदा आहे, एवढेच म्हणून थांबलो असतो, पण हिशेबही ऐका. समजा कोणी त्यासाठी वीस लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे २७,५०० रुपये बसतो. ८६,००० मधून तो गेला की ५८,५०० उरतात. म्हणजे दहा वर्षे तुम्ही शिक्षक म्हणून काम करता आणि पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा नोकरीचे भाडे म्हणून भरता. त्या वाटेने जाऊ नका, असे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आलो आहे. काहींनी ऐकले नाही, आणि त्यांच्यापैकी दोघे जमिनीची गोष्ट निघाली की अजून विषय बदलतात.

आठव्या आयोगाची आशा धरू नका असे मी म्हणणार नाही, पण ती कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. केंद्राने न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आहे आणि त्याला अठरा महिन्यांची मुदत आहे. तो केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. महाविद्यालयीन शिक्षकांच्या वेतनश्रेणी त्यानंतर वेगळ्या ठरतात आणि राज्याचा निर्णय त्याही नंतर येतो. सहावा आयोग २००६ पासून लागू, राज्याचा शिक्षकांसाठीचा निर्णय २००९ मध्ये. सातवा २०१६ पासून, निर्णय मार्च २०१९ मध्ये. आणि जो आज पूर्णवेळ नाही, त्याला कोणताही आयोग लागत नाही.

तर तुम्ही काय करावे? घरी शेती किती, पत्नीची नोकरी आहे का, भावंडांचा भार आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तर त्यावर बदलते. घरात दुसरे निश्चित उत्पन्न असेल, तर पीएच.डी. पूर्ण करून वयाच्या ३५ पर्यंत प्रयत्न करण्यात मला चूक दिसत नाही. ती मर्यादा मात्र आजच, घरातल्यांसमोर ठरवा, कारण तासिकेची नोकरी दर जूनला ‘यंदा जाहिरात येईल’ असे सांगून माणसाला आणखी एक वर्ष बसवून ठेवते. दुसरे उत्पन्न नसेल, तर तासिकेचे काम दुय्यम ठेवा. तुमच्याकडे बी.एड. आहे. शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामार्फत कनिष्ठ महाविद्यालयात किंवा माध्यमिक शाळेत जाण्याचा मार्ग आहे. तिथे सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. उच्च माध्यमिकला मानधन २०,००० रुपये आहे. ते तुमच्या आजच्या सरासरीपेक्षा कमी आहे आणि पुढची वेतनश्रेणीही सहायक प्राध्यापकापेक्षा खालची आहे. तरी बारा महिने मिळणारे मानधन आणि ३५ व्या वर्षी सुरू झालेली नियमित श्रेणी हे ४० व्या वर्षी कदाचित मिळणाऱ्या ५७,७०० पेक्षा अनेक घरांसाठी जास्त मोलाचे ठरते. माझ्या एका विद्यार्थिनीने हेच केले. नोकरीत असतानाच तिने पीएच.डी. पूर्ण केली, आणि आता ती प्राध्यापकपदासाठी अर्ज करते तेव्हा तिच्या बोलण्यात घाई नसते.

थांबायचे ठरवलेत, तर एक काम याच आठवड्यात करा. तिन्ही वर्षांच्या तुमच्या नियुक्तीला विद्यापीठाची मान्यता मिळाली आहे का, ते कार्यालयात विचारा आणि त्या पत्रांच्या प्रती ताब्यात घ्या. मान्यता नसलेली वर्षे पुढे अनुभव म्हणून धरताना अडचण येते, आणि चार वर्षांनी तेच पत्र शोधायला जाल तेव्हा बहुधा ते टेबल सांभाळणारा लिपिक बदललेला असेल.